आजारपण काढायला शिकवणारी पदवी

मराठीत एक जुना शब्दप्रयोग आहे, 'आजारपण काढणं'. "सासूबाईंचं आजारपण तिनंच काढलं" असं आपण सहज म्हणतो. त्यात काय काय येतं ते बघा. माणसाला उठवणं, बसवणं, आंघोळ घालणं, घास भरवणं, रात्री दोनदा उठून लघवीचं भांडं देणं, त्याची चिडचिड ऐकून घेणं, सही जुळत नाही म्हणून पेन्शन अडली की बँकेत खेटे घालणं. गोळी देणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग.

एमबीबीएस आणि एमडी मिळून मी साडेआठ वर्षं शिकलो. रोग ओळखायला शिकलो, औषध द्यायला शिकलो. आजारपण काढायला मात्र घराघरांतल्या बायका शिकल्या, त्याही एकमेकींकडे बघून. त्यांच्या त्या शिक्षणाला ना पुस्तक, ना परीक्षा.

ब्रिटनमध्ये या कामाचा अभ्यास करणारी एक पदवी आहे. तिचं नाव 'हेल्थ अँड सोशल केअर'. बारावीनंतर तीन वर्षं, स्कॉटलंडमध्ये साधारण चार. गेल्या काही वर्षांत माझे पेशंट या पदवीबद्दल मला विचारू लागले आहेत. बीपी तपासून होतं, चिठ्ठी लिहून होते, आणि मग, "डॉक्टर, अजून एक विचारायचं होतं. मुलीला लंडनच्या कॉलेजात अॅडमिशन मिळतेय. हे हेल्थ अँड सोशल केअर म्हणजे नक्की काय हो? डॉक्टर होते का त्यातून?"

डॉक्टर होत नाही. नर्सही होत नाही. मग काय होतं, ते आज सविस्तर सांगतो. तुमच्या घरातून कुणी परदेशी जाणार नसेल तरी हा लेख वाचा. कारण त्या वर्गात जे शिकवतात, त्यातलं बरंचसं तुमच्या घरातल्या आजोबांच्या खाटेशेजारी उद्या उपयोगी पडणार आहे.

हेल्थ वेगळं आणि केअर वेगळी, हे कसं?

त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. दुसरं महायुद्ध चालू असतानाच, १९४२ साली, ब्रिटनमध्ये विल्यम बेव्हरिज यांचा सामाजिक सुरक्षेवरचा अहवाल आला. युद्ध संपल्यावर ५ जुलै १९४८ रोजी तिथली राष्ट्रीय आरोग्य सेवा, म्हणजे एनएचएस, सुरू झाली. डॉक्टर, दवाखाना, ऑपरेशन सगळं मोफत. खर्च सरकारी करांतून.

पण त्याच वर्षी 'नॅशनल असिस्टन्स अॅक्ट' नावाचा दुसरा कायदाही आला. म्हातारी, अपंग, आधार नसलेली माणसं यांची देखभाल त्या कायद्यानं स्थानिक कौन्सिलांकडे दिली. आपल्याकडच्या नगरपालिकेसारखी ही संस्था. आणि ही देखभाल सरसकट मोफत नव्हती. माणसाची ऐपत बघून पैसे घ्यायचे, असं ठरलं.

ती फाळणी आजही आहे. समजा, इंग्लंडमधल्या ऐंशी वर्षांच्या आजी न्हाणीघरात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन एनएचएस करणार, एक पैसा न घेता. टाके निघाले. आता रोज त्यांना आंघोळ कोण घालणार, मोजे कोण चढवणार, जेवण कोण करून देणार? ही 'सोशल केअर'. इथे कौन्सिल आधी विचारते, तुमच्याकडे शिल्लक किती? २३,२५० पौंडांच्या वर असेल तर सगळा खर्च तुमचा तुम्ही करायचा. स्कॉटलंडनं २००२ पासून ज्येष्ठांना घरी अशी मदत मोफत द्यायला सुरुवात केली. इंग्लंडनं तसं केलं नाही.

यातली खरी अडचण स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला सोसावी लागते. कॅन्सर झाला तर उपचार एनएचएसचे. स्मृतिभ्रंश झाला तर औषधांची गरज थोडी आणि माणसाची गरज चोवीस तास. म्हणजे बिल बहुतेक वेळा कुटुंबाच्या नावावर. एका माणसाच्या दुखण्याचे दोन तुकडे करून ते दोन कचेऱ्यांत वाटले, की मधल्या फटीत माणूस अडकतो. ती फट ओळखणं आणि बुजवणं, हा या पदवीचा विषय आहे.

तीन वर्षं शिकवतात तरी काय?

प्रत्येक विद्यापीठाचा अभ्यासक्रम थोडा वेगळा असतो. तरी ढोबळमानाने सांगतो. आधी शरीराची आणि मनाची तोंडओळख, समाजशास्त्र, माणसांशी बोलायचं कसं. पुढे कायदा, नीतिशास्त्र, सार्वजनिक आरोग्य, संशोधनाच्या पद्धती. शेवटी स्मृतिभ्रंश, अपंगत्व, मानसिक आजार, आयुष्याचा शेवटचा टप्पा अशा विषयांतून निवड आणि एक प्रबंध. अनेक अभ्यासक्रमांत वृद्धाश्रमात किंवा सेवाभावी संस्थेत प्रत्यक्ष कामही करावं लागतं.

ही झाली यादी. आता त्यातले चार धडे सांगतो. मला ते फार मोलाचे वाटतात.

पहिला धडा: आजार फक्त शरीरातून येत नाही. १९६७ मध्ये लंडनमधल्या सुमारे १८ हजार सरकारी नोकरांची पाहणी सुरू झाली. तिला 'व्हाइटहॉल अभ्यास' म्हणतात. सगळे पुरुष, सगळे नोकरदार, सगळ्यांना एनएचएसचे उपचार मोफत. तरी हृदयविकारानं मरण्याचं प्रमाण सर्वांत खालच्या हुद्द्यावरच्या लोकांत सर्वांत वरच्या साहेबांपेक्षा सुमारे तिप्पट निघालं. धूम्रपान, बीपी, कोलेस्टेरॉल यांनी यातला काही भागच समजला. मायकेल मार्मट या डॉक्टरांनी पुढचं सगळं आयुष्य या प्रश्नावर घालवलं. कामावर आपलं काही चालतं का, घर कसं आहे, उद्याची काळजी किती आहे, याचाही हृदयावर परिणाम होतो. माझ्याकडे येणारा हमाल आणि त्याचा शेठ, दोघांना मी बीपीची एकच गोळी देतो. दोघांचं बीपी सारखं उतरेलच असं नाही, ते यामुळे.

दुसरा धडा: अपंगत्व पायात असतं की जिन्यात? ब्रिटनमधल्या अपंगांच्या चळवळीनं १९७०च्या दशकात हा प्रश्न विचारला आणि पुढे माइक ऑलिव्हर यांनी त्याला 'सोशल मॉडेल' हे नाव दिलं. स्वतः ऑलिव्हर व्हीलचेअर वापरत. त्यांचं म्हणणं साधं होतं. माणूस चालू शकत नाही ही त्याच्या शरीराची अडचण. पण तो मत द्यायला, नोकरीला, सिनेमाला जाऊ शकत नाही, ही इमारत बांधणाऱ्याची करणी. डॉक्टरांचं लक्ष सहसा पायाकडे जातं. या विद्यार्थ्यांना जिन्याकडे बघायला शिकवतात.

तिसरा धडा: सगळ्यांनी पाहिलं, तरी कुणीच पाहिलं नाही, असं का होतं? फेब्रुवारी २००० मध्ये लंडनमध्ये व्हिक्टोरिया क्लिंबिए नावाची आठ वर्षांची मुलगी घरातल्यांच्या छळानं मेली. तिला दवाखान्यांनी पाहिलं होतं, समाजसेवा विभागानं पाहिलं होतं, पोलिसांनी पाहिलं होतं. प्रत्येकाकडे थोडी थोडी माहिती होती. ती एकत्र जोडली कुणी नाही. लॉर्ड लेमिंग यांच्या चौकशीचा अहवाल २००३ मध्ये आला आणि २००४ साली बालकांचा नवा कायदा झाला. पुढे इंग्लंडमधल्या स्टॅफर्ड इथल्या रुग्णालयात रुग्णांची अक्षम्य हेळसांड झाल्याचं उघडकीला आलं. पाण्याचा पेला हाताला लागणार नाही इतका लांब, संडासला न्यायला माणूस नाही. २०१३ च्या फ्रान्सिस अहवालात त्यावर २९० शिफारशी आहेत. ऑपरेशन चुकलं एवढ्यापुरती ही चौकशी नव्हती. पाणी मिळालं नाही, याचीही होती. हे मला महत्त्वाचं वाटतं.

चौथा धडा: निर्णय कुणाचा? इंग्लंड आणि वेल्समध्ये २००५ चा 'मेंटल कपॅसिटी अॅक्ट' आहे. त्याचं पहिलं तत्त्व असं की प्रौढ माणूस स्वतःचा निर्णय घेऊ शकतो हेच गृहीत धरायचं. तो घेऊ शकत नाही हे दुसऱ्यानं दाखवून द्यायचं. आणि निर्णय इतरांना शहाणपणाचा वाटत नाही, एवढ्यावरून त्याची बुद्धी चालत नाही असं ठरवायचं नाही. आता आपल्याकडचं चित्र बघा. मी आजोबांना विचारतो, "कुठं दुखतंय?" उत्तर मुलगा देतो. "झोप लागते का?" उत्तर सून देते. "ऑपरेशन करू या का?" उत्तर पुण्याहून फोनवर जावई देतात. आजोबा छताकडे बघत असतात. यात माया असते, नाही असं नाही. पण आजोबांना मत असू शकतं, हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

माझ्या घरात हा अभ्यास कसा आला

माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी इंग्लंडमध्ये हीच पदवी शिकली. शेवटच्या वर्षाच्या आधी ती सुट्टीत आमच्याकडे आली होती. तेव्हा माझी आई ८४ वर्षांची. तिला सहा महिन्यांपूर्वी पक्षाघात झाला होता, डावी बाजू गेलेली. मी माझं काम करत होतो. बीपी ताब्यात, साखर ताब्यात, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून गोळी चालू, फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून तीनदा. बाकीचं सगळं माझी बायको करत होती.

भाची दोन दिवस काही बोलली नाही. नुसती आजीजवळ बसून राहिली. तिसऱ्या दिवशी वही घेऊन माझ्यासमोर आली.

"मामा, आजी चहा स्वतः का पीत नाही?"

"डावा हात चालत नाही तिचा."

"उजवा चालतो ना? मग कपबशीऐवजी मोठ्या कानाचा मग दे. आणि स्टूल डावीकडे आहे, ते उजवीकडे घे. तिला तिकडचं दिसतं, तिकडचा हात जातो."

मग तिनं एकेक विचारायला सुरुवात केली. कमोड किती उंच आहे? आजीचे पाय जमिनीला टेकतात का? रात्री खोलीत दिवा असतो का? आजीला आंघोळ सकाळी आवडायची की संध्याकाळी? पूर्वी ती सकाळी उठून काय करायची? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं. आई चाळीस वर्षं पहाटे अंगणातल्या तुळशीला पाणी घालायची. भाचीनं खाट खिडकीजवळ ओढली आणि एक कुंडी खिडकीच्या कट्ट्यावर आणून ठेवली. छोटा तांब्या उजव्या हाताशी. पहिल्या दिवशी निम्मं पाणी गादीवर सांडलं. आईला मात्र हसू आलं. सहा महिन्यांत मी ते बघितलं नव्हतं.

त्यानंतर भाचीनं विचारलेला प्रश्न मी अजून विसरलेलो नाही. "मामीला आठवड्यातून किती तास सुट्टी असते?"

माझी बायको तिथेच भाजी निवडत होती. तिनं हात थांबवला आणि म्हणाली, "सुट्टी कसली गं? आजारपण आहे घरात."

भाचीनं सांगितलं की इंग्लंडमध्ये २०१४ च्या 'केअर अॅक्ट'नं सेवा करणाऱ्या नातेवाइकालाही एक हक्क दिला आहे. आजारी माणसाची गरज तपासायची, तशी त्याचं करणाऱ्या माणसाचीही गरज कौन्सिलनं तपासायची. त्याची झोप होते का, पाठ दुखते का, नोकरी सुटली का, त्याला हे काम करत राहायची इच्छा आणि ताकद आहे का, हे विचारायचं. कायद्यानं विचारायचं. मिळणारी मदत तिथेही अपुरीच पडते, असं तीच म्हणाली. पण प्रश्न तरी कागदावर आहे.

त्या आठवड्यात आम्ही मंगळवार आणि शुक्रवार दुपारी मावशी लावल्या, मी रविवारची सकाळ घेतली. बायको परत भजनी मंडळात जाऊ लागली. आई पुढे दोन वर्षं जगली. तिच्या गोळ्या मी ठरवत होतो. पण ती दोन वर्षं ज्या रीतीनं गेली, त्यात त्या वहीचा वाटा मोठा होता.

आता पैशाची गोष्ट

हे सगळं वाचून "वा, मग मुलीला पाठवूच" असं कुणी म्हणेल. जरा थांबा.

गेल्या वर्षी एक शेतकरी गृहस्थ माझ्याकडे आले होते. मधुमेहाचे जुने पेशंट. साखर अचानक वाढलेली. खाण्यात बदल नाही, गोळ्या चुकलेल्या नाहीत. बोलता बोलता कळलं की मुलीच्या अॅडमिशनसाठी जमीन गहाण टाकायचं चाललंय आणि झोप उडाली आहे. एजंटनं सांगितलं होतं, "तीन वर्षांत नर्स होईल, तिथेच नोकरी, मग तुम्हा दोघांनाही बोलावून घेईल." अभ्यासक्रमाचं नाव, हेल्थ अँड सोशल केअर.

मी त्यांना जे सांगितलं तेच तुम्हाला सांगतो.

ब्रिटनमध्ये 'नर्स' म्हणून काम करायचं तर नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलकडे नोंदणी लागते. 'सोशल वर्कर' हे नाव इंग्लंडमध्ये लावायचं तर सोशल वर्क इंग्लंडकडे नोंदणी लागते. फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट यांची नोंदणी हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिलकडे. ज्या त्या नोंदणीसाठी त्या संस्थेनं मान्य केलेला अभ्यासक्रमच चालतो. 'हेल्थ अँड सोशल केअर' ही सर्वसाधारण पदवी आहे. तिच्यातून यातली कुठलीही नोंदणी आपोआप मिळत नाही.

मग या पदवीचे लोक काय करतात? वृद्धाश्रमांचं व्यवस्थापन, कौन्सिलमधली आणि सेवाभावी संस्थांतली कामं, रुग्णाची घरची व्यवस्था लावून देणारा समन्वयक, सार्वजनिक आरोग्याचे प्रकल्प. काही जण पुढे सोशल वर्क किंवा नर्सिंगचा मान्यताप्राप्त पदव्युत्तर अभ्यासक्रम करतात आणि मग नोंदणी मिळवतात. माझी भाची त्याच वाटेनं गेली. पदवीची तीन वर्षं आणि नंतर सोशल वर्कची दोन, अशी पाच वर्षं. हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

व्हिसाचंही नीट समजून घ्या. २०२२ मध्ये ब्रिटननं परदेशी केअर वर्करना व्हिसा द्यायला सुरुवात केली होती, त्यावरून "केअरमध्ये गेलं की काम मिळतंच" ही समजूत पसरली. मार्च २०२४ पासून त्या केअर वर्करना कुटुंब सोबत नेता येईनासं झालं आणि २२ जुलै २०२५ पासून परदेशातून केअर वर्करची नवी भरती बंद झाली. पदवीच्या विद्यार्थ्याला कुटुंब बोलावता येत नाही. नियम सारखे बदलतात, म्हणून एजंटच्या माहितीपत्रकावर न जाता ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर स्वतः वाचा.

त्या मुलीला मी बोलावून घेतलं. विचारलं, "तुला हे का शिकायचंय?" ती म्हणाली, "काका, आजोबांचं दोन वर्षं मीच केलं. मला ते काम जमतं. आवडतंही." उत्तर चांगलं होतं. मी तिला एवढंच सुचवलं की विद्यापीठाला ईमेल करून एकच प्रश्न विचार: ही पदवी घेऊन नर्स म्हणून माझी नोंदणी होईल का? चार दिवसांत सरळ उत्तर आलं, नाही. जमीन गहाण पडली नाही. ती आता इथेच बी.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. परदेशी जायचं असेल तर ते नर्स होऊनही जाता येईल. वडिलांची साखर दोन महिन्यांत खाली आली, गोळ्या न वाढवता.

आपल्याकडे हा विषय कुठे आहे?

आपल्याकडे याच नावाची पदवी फारशी प्रचलित नाही, पण हे ज्ञान नवं नाही. मुंबईत १९३६ साली समाजकार्याचं शिक्षण देणारी संस्था निघाली, तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. १९४६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात देशातल्या पहिल्या वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली. मुंबईत निर्मला निकेतन, पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था या समाजकार्य शिकवणाऱ्या जुन्या संस्था आहेत. बी.एस.डब्ल्यू., नर्सिंग, फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी या सगळ्या पदव्यांत 'आजारपण काढण्या'चा थोडा थोडा भाग येतो. २०२१ मध्ये केंद्र सरकारनं डॉक्टर-नर्सव्यतिरिक्तच्या आरोग्य व्यावसायिकांसाठी कायदा केला. फिजिओथेरपिस्ट, आहारतज्ज्ञ यांच्याबरोबर वैद्यकीय समाजसेवकांचाही त्यात समावेश आहे.

एक व्यावहारिक गोष्ट लक्षात ठेवा. सरकारी मोठ्या रुग्णालयांत 'समाजसेवा अधीक्षक' नावाचं पद असतं. खर्चाची सोय, महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे कागद, घरी गेल्यावरची व्यवस्था, यासाठी त्यांना भेटायचं असतं. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीच्या दरात राखीव असतात. तिथेही समाजसेवक असतो. कित्येक कुटुंबं सावकाराकडे जातात, पण त्याच मजल्यावरच्या या खोलीत जात नाहीत. खोली शोधा. दार उघडंच असतं.

आणि मुलामुलींच्या बाबतीत एक विनंती. "मेडिकलला नंबर लागला नाही, म्हणून मग हे" अशा सुरात या शाखांबद्दल मुलांसमोर बोलू नका. ज्याला माणसांजवळ बसायचा कंटाळा आहे, त्याला हे जमणार नाही, मार्क कितीही असोत. ज्याला घरातल्या आजारी माणसाजवळ बसावंसं वाटतं, त्याच्याकडे या कामाचं भांडवल आधीच आहे. अॅडमिशन घेण्याआधी तीन प्रश्न लेखी विचारा: या पदवीवर कुठे नोंदणी होते? प्रत्यक्ष कामाचे तास किती आणि कुठे? मागच्या बॅचचे विद्यार्थी आज नेमकं काय करतात?

घरी करून बघा

पदवी न घेताही त्यातला एक भाग तुम्ही आज वापरू शकता. सिडनी कॅट्झ या अमेरिकन डॉक्टरांनी १९६३ मध्ये माणसाच्या रोजच्या सहा कामांची एक यादी प्रसिद्ध केली. जगभर ती आजही वापरतात. तुमच्या घरात वयस्कर किंवा आजारी माणूस असेल तर एका कागदावर ही सहा कामं लिहा.

१. आंघोळ
२. कपडे घालणं
३. शौचालयात जाणं-येणं
४. अंथरुणातून उठून खुर्चीत बसणं
५. लघवी-शौचावर ताबा
६. स्वतःच्या हातानं जेवणं

प्रत्येकापुढे लिहा, स्वतः करतात की मदत लागते. दर तीन महिन्यांनी परत लिहा. एखादं काम पूर्वी जमत होतं आणि आता जमेनासं झालं, तर तो कागद घेऊन डॉक्टरांकडे या. "अशक्तपणा वाटतो" यापेक्षा "महिन्याभरापासून शर्टाची बटणं लागत नाहीत" हे वाक्य आम्हाला कितीतरी जास्त सांगतं. हेच काम एका दिवसात अचानक जमेनासं झालं, बोलणं अडखळलं किंवा तोंड वाकडं झालं, तर मात्र कागद, पेन काही शोधू नका. लगेच रुग्णालय गाठा.

मग कागद उलटा करा. मागच्या बाजूला त्या माणसाचं नाव लिहा, जी किंवा जो हे सगळं करतंय. तिची झोप किती तास होते? तिची स्वतःची तपासणी शेवटची कधी झाली? आठवड्यातून किती तास ती घराबाहेर पडू शकते? माझ्याकडे येणाऱ्या अनेक बायका सासऱ्यांची फाइल घेऊन येतात, आणि त्यांचं स्वतःचं बीपी तपासलं की १७० निघतं.

पुढच्या वेळी आजोबांना दाखवायला याल तेव्हा हा कागद दोन्ही बाजू भरून आणा. आणि मी आजोबांना काही विचारलं, तर कृपा करून आधी त्यांना उत्तर देऊ द्या.